धुईतले पाणी कोणाच्या खात्यावर?

मार्गशीर्ष-पौषातल्या एखाद्या पहाटे दुधनेच्या खोऱ्यावर धुई उतरते आणि परतूर तालुक्यातला तूर उत्पादक शेतकरी हवालदिल होतो. तूर ऐन फुलोऱ्यात असते. फुलांवर आणि कोवळ्या शेंगांवर रात्रभर ओल बसून राहिली, की फुलगळ व्हायची, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. त्याच पहाटे मनमाड-परभणी लोहमार्गावरच्या गाड्या चाचपडत येतात. परीक्षेला निघालेले विद्यार्थी आणि जालन्याच्या कचेऱ्यांत नोकरीला जाणारे कारकून फलाटावर घड्याळाकडे पाहत उभे राहतात. रस्त्यावरची वाहने उजाडल्यावरही दिवे लावून धावतात. नऊ-दहाच्या सुमारास ऊन चढले की धुई विरते. मागे उरतो तो क्षितिजावरचा एक पांढुरका, मळकट पडदा. तो मात्र पुष्कळदा दुपारपर्यंत हलत नाही.

धुई हा निसर्गाचा खेळ, त्याला कोण काय करणार, अशी या बाबतीत सर्वसाधारण समजूत आहे. ती निम्मी खरी आहे. जमिनीतली ओल, निरभ्र रात्र, पडलेला वारा आणि थंडी यांवाचून धुई पडत नाही, आणि या गोष्टी माणसाच्या हातातल्या नाहीत. परंतु हवेतली वाफ आपणहून थेंब होत नसते. तिला टेकायला कण लागतो. तो कण कोणता, त्यांची संख्या किती आणि पाणी धरून ठेवण्याची त्यांची ताकद किती, हे मात्र गेल्या दीडशे वर्षांत वाढत्या प्रमाणात माणूस ठरवू लागला आहे. म्हणूनच हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांतले पाणी हा आता केवळ हवामानशास्त्राचा विषय उरलेला नाही. तो कायद्याचा, अर्थकारणाचा आणि सार्वजनिक हिशेबाचाही विषय झाला आहे. दुर्दैव असे, की त्या हिशेबात हे पाणी कोठेच मांडले जात नाही.

स्कॉटलंडमधील जॉन एटकेन या शास्त्रज्ञाने १८८० मध्ये एक साधा प्रयोग लोकांपुढे मांडला. काचेच्या एका भांड्यात त्याने नेहमीची हवा घेतली आणि दुसऱ्यात कापसातून गाळून घेतलेली हवा. दोहोंत वाफ सोडली. पहिल्या भांड्यात दाट धुके झाले. दुसरे स्वच्छ राहिले. कण नाही तर धुके नाही, हा त्यातून निघालेला निष्कर्ष पुढे ढगांच्या सगळ्या शास्त्राचा पाया ठरला. एटकेनने आणखी एक गोष्ट नोंदविली होती. गंधक जाळून त्याचा धूर हवेत मिसळला, तर होणारे धुके विलक्षण दाट असते. दगडी कोळशावर उभ्या असलेल्या ब्रिटनच्या औद्योगिक समाजाला हा इशाराच होता. तो ऐकायला त्या समाजाने पाऊणशे वर्षे घेतली.

सगळे कण सारखेच पाणी धरतात असे नाही. हे शास्त्र मराठी घराला निराळे शिकविण्याची गरज नाही. आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, पापड सादळतात, गूळ पाझरतो. शेतकऱ्यालाही ते ठाऊक असते. जुलै महिन्यात युरियाचे फोडलेले पोते रात्रभर उघडे राहिले, तर सकाळी खत चिकट होऊन त्याची ढेकळे बनलेली असतात. त्याच कोपऱ्यातल्या मुरमाच्या ढिगाला मात्र काही होत नाही. मातीचा कण आणि क्षाराचा कण यांत हाच फरक आहे. माती हवेतल्या वाफेला फारशी दाद देत नाही. क्षार तिला ओढून घेतो.

हवेतल्या क्षारांपैकी अमोनियम नायट्रेट सुमारे ६२ टक्के सापेक्ष आर्द्रतेला, तर अमोनियम सल्फेट सुमारे ८० टक्क्यांना वाफ शोषून स्वतःच विरघळून जाते. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली, की अमोनियम सल्फेटच्या कणाचा व्यास सुमारे पावणेदोनपट होतो. म्हणजेच त्याचे घनफळ सुमारे पाचपट होते. त्या फुगलेल्या कणाच्या पाच भागांतले चार भाग निव्वळ पाणी असते. शिवाय एकदा धरलेले पाणी हा कण सहजासहजी सोडत नाही. ज्या आर्द्रतेला तो विरघळला, तिच्या पुष्कळ खाली, चाळीस टक्क्यांच्या आसपास हवा कोरडी होईपर्यंत तो ओलाच राहू शकतो. फुगलेला कण प्रकाशही अधिक विखुरतो. धुई विरल्यावर दुपारपर्यंत क्षितिज मळकट का दिसते, याच्या उत्तराचा एक भाग येथे आहे.

हे क्षार येतात कोठून? ते धुराड्यातून तयार होऊन बाहेर पडत नाहीत. बहुतांशी ते हवेतच बनतात. दगडी कोळसा जळतो, तेव्हा त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड वायू होतो. मालमोटारींच्या आणि भट्ट्यांच्या धुरातून नायट्रोजनची ऑक्साइडे येतात. शेतात फेकलेल्या युरियातून आणि गोठ्यातल्या शेणमुतातून अमोनिया उठतो. वाऱ्यावर वाहताना हे वायू एकमेकांना गाठतात. पहिल्या दोहोंची आम्ले बनतात, अमोनिया त्यांना शमवितो आणि क्षाराचा सूक्ष्म कण जन्माला येतो. परतूरच्या दक्षिणेकडे परळी वैजनाथचे औष्णिक वीजकेंद्र आहे, वायव्येला जालन्याचे लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत, गावोगावच्या रस्त्यांवरून जड वाहतूक चालते आणि चहूबाजूंना कापूस, सोयाबीन व उसाची शेती आहे. यांपैकी प्रत्येकाला आपला वायू किरकोळ वाटतो, आणि सुटा पाहिला तर कदाचित तो तसा असेलही. पण त्यांचा संयोग ज्या ठिकाणी होतो, ते ठिकाण कोणाच्याच आवारात नसते. म्हणून त्याची जबाबदारीही कोणाच्याच दारी नसते.

हे पाणी नुसते कणांत बसून राहत नाही. ते कारखान्यासारखे काम करू लागते. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर जे विषारी धुके साचले, त्यात सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा अंदाज त्या वेळी करण्यात आला. पुढच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. इतक्या अल्प काळात गंधकवायूचे एवढे आम्ल झाले कसे, हे कोडे पुष्कळ वर्षे अभ्यासकांपुढे होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधनाने त्याचा बराचसा उलगडा केला. धुक्याच्या थेंबांत आणि ओल्या कणांत विरघळलेला गंधकवायू नायट्रोजन डायऑक्साइडच्या साहाय्याने झपाट्याने सल्फेट बनत होता. कोरड्या हवेत मंदगतीने चालणारी क्रिया पाण्यात वेगाने उरकली जात होती. क्षाराने पाणी ओढायचे, त्या पाण्यात आणखी वायू विरघळायचे, त्यांतून नवा क्षार बनायचा आणि त्याने पुन्हा पाणी ओढायचे, असे हे चक्र आहे. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना ते अधिक समजावून सांगायला नको.

याची उलट बाजूही अनुभवास आली आहे, आणि ती आशादायक आहे. अमेरिकेने १९९० मध्ये आपला हवाविषयक कायदा दुरुस्त करून वीजकेंद्रांच्या गंधकवायूवर मर्यादा घातली आणि १९९५ पासून उत्सर्जनाच्या परवान्यांचा व्यापार सुरू केला. पुढच्या काळात तेथील हवेतले सल्फेट घटले. त्या देशाचा आग्नेय भाग दाट अरण्यांचा आहे. झाडांतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूंपासूनही तेथे सेंद्रिय कण बनतात. ते कण निसर्गाचे, त्यांना इलाज नाही, असे मानले जात असे. परंतु सल्फेट घटल्याबरोबर कणांतले पाणी घटले, आणि हे सेंद्रिय कणही घटत गेल्याचे अभ्यासकांना दिसले. झाडे तीच होती, अरण्य तेच होते; फक्त त्यांच्या वायूंना विरघळायला मिळणारे मानवनिर्मित पाणी कमी झाले होते. निसर्गाच्या नावावर टाकलेला खर्च प्रत्यक्षात माणसाच्या खात्यावरचा होता, हा या अनुभवाचा अर्थ आहे.

दूरच्या उदाहरणांनी ज्यांचे समाधान होणार नाही, त्यांनी दिल्लीकडे पाहावे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा पद्धतशीर अभ्यास चालविला आहे. २०२१ मध्ये मद्रास आयआयटीचे सचिन गुंथे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या हिवाळी धुरक्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. प्लास्टिकमिश्रित कचरा जळताना आणि काही औद्योगिक प्रक्रियांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ बाहेर पडते. अमोनियाशी तिचा संयोग होऊन अमोनियम क्लोराइड बनते, आणि नवसागर या नावाने मराठी माणसाच्या परिचयाचा असलेला हा क्षार हवेतले पाणी अधाशीपणाने ओढतो. दृश्यमानता घटण्यामागे सुमारे निम्मा वाटा या क्लोराइडचा आणि त्याने ओढलेल्या पाण्याचा असल्याचे या अभ्यासात आढळले. दिल्लीची गोष्ट परतूरला कशाला, असे कोणी म्हणेल. पण गावकुसाबाहेर धुमसणारा कचऱ्याचा उकिरडा आणि पहाटे दुकानांपुढे पेटविलेल्या पिशव्या ही काही एकट्या दिल्लीची मिरास नाही. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी हिवाळ्याच्या संध्याकाळी फेरफटका मारावा. तो वास ओळखीचा वाटेल.

एवढे असूनही शासकीय हिशेबात हे पाणी का दिसत नाही? याचे कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. हवेतले सूक्ष्म कण गाळणीवर गोळा करतात, आणि ती गाळणी तोलण्यापूर्वी ठरावीक तापमानाच्या व बऱ्याच कोरड्या खोलीत ठेवून तिची ओल घालवितात. निरनिराळ्या ऋतूंतल्या व निरनिराळ्या गावांतल्या आकड्यांची तुलना करता यावी, यासाठी ही पद्धत योग्यच आहे. परंतु त्यामुळे आपल्या हाती येते ते कोरडे वजन. माणूस मात्र कोरडा कण श्वासात घेत नाही. पहाटेच्या दमट हवेत तो फुगलेला, आम्ल विरघळलेला कण घेतो. मोटारचालकाच्या डोळ्यांपुढे पडदा धरतो, तोही ओला कणच. ओल्या मालाचे कोरडे वजन धरून भाव ठरविणे बाजार समितीत रास्त असेल. छातीच्या आणि रस्त्याच्या हिशेबात ते पुरेसे नाही.

या अपुऱ्या हिशेबाचा परिणाम धोरणावर होतो, आणि खरा प्रश्न तेथे आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांच्या गंधकवायूवर मर्यादा घालणारी अधिसूचना काढली. धुरातून गंधक काढून घेणारी यंत्रणा दोन वर्षांत बसविणे अपेक्षित होते. मुदती वाढत गेल्या. अखेर जुलै २०२५ मध्ये त्याच मंत्रालयाने देशातल्या जवळजवळ चार पंचमांश औष्णिक संचांना या यंत्रणेच्या सक्तीतून मोकळे केले. राजधानी परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरे यांच्यापासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना ती बंधनकारक राहिली. अतिप्रदूषित क्षेत्रे व हवा निकषांत न बसणारी शहरे यांच्या जवळच्या केंद्रांचा निर्णय प्रकरणपरत्वे व्हायचा आहे. बाकीची सारी सुटली.

या निर्णयाच्या बाजूने मांडलेले मुद्दे अगदीच निराधार नाहीत, हे मान्य केले पाहिजे. भारतीय कोळशात गंधकाचे प्रमाण कमी आहे. यंत्रणा महाग आहे आणि तिचा खर्च अखेर वीजदरातून ग्राहकाच्या माथी बसणार. देशातल्या बहुतेक शहरांत गंधकवायूचे प्रमाण निकषाच्या आत आहे, हा तर मोठाच युक्तिवाद होता. पण नेमक्या याच युक्तिवादात खोट आहे. उंच धुराड्यातून सुटलेला गंधकवायू वायू म्हणून फार काळ राहत नाही. वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाताना त्याचे सल्फेट होते आणि ते पाणी ओढते. वायू मोजणाऱ्या यंत्रापर्यंत पोहोचेतो आरोपीने वेश पालटलेला असतो. गंधकवायू निकषात आहे म्हणून गंधकाचा उपद्रव नाही, असे म्हणणे म्हणजे चोर पुढच्या दाराशी दिसला नाही, एवढ्यावरून घर सुरक्षित असल्याचा दाखला देण्यासारखे आहे. आणि दहा किलोमीटरची रेषा तर वाऱ्याला मुळीच ठाऊक नसते. ज्या छोट्या गावांच्या नावावर ना दहा लाखांची वस्ती ना प्रदूषित शहराचा शिक्का, त्यांच्या वाट्याला या वर्गवारीत संरक्षण येत नाही. कण मात्र येतो.

शहरांसाठी जानेवारी २०१९ पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम चालू आहे. त्याच्या यादीत जालना शहराचा समावेश आहे, परतूरचा नाही. या कार्यक्रमाचे यश प्रामुख्याने पीएम १० म्हणजे जाडसर धुळीच्या मापाने जोखले जाते. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०२४ मध्ये केलेल्या मूल्यमापनानुसार खर्च झालेल्या निधीपैकी सुमारे ६४ टक्के निधी रस्त्यांवरील धुळीच्या बंदोबस्तावर गेला. धूळ बसविण्यासाठी रस्त्यांवर टँकरने पाणी शिंपायचे आणि ज्या वायूंमुळे हवाच पाणी धरून बसते त्यांना मोकळे सोडायचे, हा प्रकार मोठा विसंगत आहे. जे डोळ्यांना दिसते त्यावर पैसा खर्चणे सोपे असते, आणि ते केल्याचे दाखविणेही सोपे असते.

मराठवाड्याच्या बाबतीत या विसंगतीला आणखी एक पदर आहे, तो पावसाचा. जालना जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो, आणि तोही बेभरवशाचा. दुष्काळाच्या वर्षी आभाळाकडे डोळे लागले, की कृत्रिम पावसाची मागणी होते. पुण्याच्या याच संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात बारामतीच्या परिसरातल्या ढगांवर मिठाची पूड फवारण्याचे प्रयोग अकरा पावसाळे केले होते. २०१५ आणि २०१९ मध्ये राज्य शासनाने औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, विमाने उडविली. २०१८-१९ मध्ये सोलापूरला झालेल्या शास्त्रीय प्रयोगात अनुकूल ढगांपासून सुमारे १८ टक्के अधिक पाऊस मिळाल्याचा निष्कर्ष निघाला. या सर्व प्रयत्नांचे मर्म एकच आहे. ढगाला पाणी ओढणारे, योग्य आकाराचे कण पुरवायचे, म्हणजे मोठे थेंब बनून खाली येतील.

धुराड्यातून निघणाऱ्या वायूंचे कण पाणी ओढणारेच असतात. मात्र ते अतिशय बारीक आणि संख्येने अफाट असतात. तेवढेच पाणी असंख्य कणांत वाटले गेले, की प्रत्येकाच्या वाट्याला चिमुकला थेंब येतो. चिमुकले थेंब एकमेकांवर आदळून मोठे होत नाहीत, आणि पाऊस सुरू होण्यास विलंब लागतो. प्रदूषित हवेतल्या ढगांना पाऊस पाडण्यासाठी स्वच्छ हवेतल्या ढगांपेक्षा अधिक उंची गाठावी लागते, हे याच पुण्याच्या संस्थेच्या २००९ पासूनच्या विमानी निरीक्षणांतही दिसून आले आहे. मराठवाड्याचा दुष्काळ धुरानेच आणला, असे म्हणणे अशास्त्रीय होईल. पर्जन्यछायेचा शाप जुना आहे. परंतु एका हाताने खजिन्यातले पैसे मोजून ढगांत क्षार पेरायचा आणि दुसऱ्या हाताने नको त्या आकाराचे क्षार फुकट पेरण्याची मुभा द्यायची, याला नियोजन म्हणता येणार नाही. २०१३ च्या दुष्काळात परळीचे वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे या संदर्भात विसरता येत नाही. कोळशाला पाणी लागते, आणि कोळशाचा वायूही पाणी अडवितो.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये कल्याणाचे अर्थशास्त्र मांडताना कारखान्याच्या धुराचेच उदाहरण घेतले होते. धुराने शेजाऱ्याचे जे नुकसान होते ते कारखानदाराच्या वहीत खर्च म्हणून चढत नाही. म्हणून माल स्वस्त दिसतो आणि धूर प्रमाणाबाहेर निघतो. यंत्रणेचा खर्च ग्राहकावर पडेल, हे आजचे म्हणणे खरे आहे. पण यंत्रणा न बसविल्याचा खर्च नाहीसा होत नाही. तो गळालेल्या फुलांत, रखडलेल्या गाडीत, मुलाच्या खोकल्यात आणि दवाखान्याच्या बिलात विखुरला जातो. फरक इतकाच, की वीजबिलावर आकडा छापलेला असतो आणि या बिलावर तो नसतो. परतूरच्या प्रत्येक धुईचे खापर धुराड्यांवर फोडणे चुकीचे ठरेल. परंतु त्या धुईत माणसाचा वाटा शून्य आहे असे गृहीत धरून चालणे, हेही तितकेच चुकीचे आहे.

यात शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा प्रकार मात्र होऊ नये. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची किंमत कर आणि निंबाच्या आवरणाचा खर्च वगळून २४२ रुपये ठेवायची, आणि डीएपीचे पोते तेराशे-साडेतेराशे रुपयांना विकायचे, हे धोरण शेतकऱ्याने ठरविलेले नाही. स्वस्त वस्तू अधिक वापरली जाते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. वरून फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडून जातो, तेव्हा शेतकऱ्याच्या पदरचा आणि सरकारी अनुदानाचा पैसाही उडून जातो. खत मातीआड करणे, पिकाच्या गरजेप्रमाणे ते हप्त्याहप्त्याने देणे आणि अनुदानाची रचना इतर खतांशी समतोल करणे, हे उपाय पिकाच्या आणि हवेच्या अशा दोहोंच्या हिताचे आहेत. पऱ्हाट्या आणि पाचट यांचे खत वा जळण करण्याची सोय गावपातळीवर झाली, तर बांधावर काडी लावण्याची वेळ येणार नाही.

उद्योगांच्या बाबतीतही अशक्य असे काही मागायचे नाही. सुरतेत २०१९ पासून कारखान्यांच्या कणउत्सर्जनावर एकत्रित मर्यादा घालून परवान्यांचा बाजार चालविण्यात आला, आणि त्यात सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन वीस ते तीस टक्क्यांनी उतरले. अमेरिकेत जमले ते भारतात जमणार नाही, हा आक्षेप त्यामुळे निकालात निघाला आहे. गंधकवायूसाठी अशी रचना महाराष्ट्रात करता येईल. २०२५ च्या सवलतीचा फेरविचार करताना नुसता वायू न मोजता त्यापासून बनणारे सल्फेट आणि त्याने ओढलेले पाणी हिशेबात धरले जावे, ही मागणी लोकप्रतिनिधींनी संसदेत आणि विधिमंडळात करावयास हवी. नगरपालिकांनी उकिरडे पेटू न देणे, प्लास्टिक वेगळे काढणे, हे तर कोणत्याही दिल्लीश्वराच्या परवानगीवाचून होण्यासारखे आहे. आणि तालुक्याच्या महाविद्यालयांतून तापमान, आर्द्रता व दृश्यमानता यांच्या रोजच्या नोंदी ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला, तर विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना जिवंत प्रयोगशाळा मिळेल आणि गावाला आपल्या हवेची वही मिळेल. जे मोजले जात नाही, त्याची भरपाई मागता येत नाही.

१९८१ हे वर्ष परतूरच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी १ मे रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि परतूर तालुका परभणीतून त्यात आला. त्याच वर्षी संसदेने हवाप्रदूषणाच्या प्रतिबंधाचा कायदा केला. जिल्ह्याची हद्द नकाशावर आखली गेली आणि लगोलग कचेऱ्या, शिक्के, नोंदवह्या तयार झाल्या. हवेला हद्द नाही, म्हणून तिच्या नोंदवह्या चार दशकांनंतरही अर्ध्या कोऱ्याच आहेत. धुई यापुढेही पडेल, आणि पडावी. ती या मातीच्या ओलीची खूण आहे. मात्र तिच्यात निसर्गाचे पाणी किती आणि माणसाने क्षार पेरून अडविलेले पाणी किती, हा हिशेब मांडण्याची वेळ आता आली आहे. तुरीच्या फुलाला त्या दोहोंतला फरक कळत नाही. राज्यकर्त्यांना तो कळला पाहिजे.